दोन रेषा

पाराना नदीच्या काठाला, पहाटे चारला,
ट्रकांची रांग पार गावाच्या वेशीपर्यंत गेलेली असते.
एप्रिल. तिकडे ही सुगी, आणि थंडीही सुरू व्हायची.

सुलेमा ओर्तिगोसा मनोऱ्यावर उभी,
हातात पोलादी नळी,
खाली तीस टन सोयाबीन.
नळी खुपसते: पुढे, मागे, कोपऱ्यांत, मग मधोमध.
शितावरून भाताची परीक्षा,
आपण म्हणून सोडून देतो;
तिला त्याचा पगार मिळतो.

ओल, काडीकचरा, फुटके दाणे
हे पूर्वीपासून बघतातच.
वीस वर्षांपूर्वी ती मूठ नाकाशी धरून ओल सांगायची,
अर्ध्या टक्क्याचा फरक.
आता दाणे भरडायचे, पाण्यात कालवायचे,
कागदाची पट्टी बुडवायची
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाच मिनिटं बघत राहायचं.

एक रेषा उमटली: पट्टी चांगली आहे, एवढंच.
दोन उमटल्या:
दाण्याच्या आत कोणीतरी राहतंय
आणि त्याचं भाडं भरलंय का ते विचारायला हवं.

फाउस्तो बारियेंतोस ट्रकातून उतरतो,
चाकोहून चौदा तास बसून कंबर धरलेली.
"दोन?"
"दोन."
पावती नाही त्याच्याकडे.
बी त्याचंच, मागच्या हंगामातलं,
बिननावाच्या पांढऱ्या पोत्यांत बाजूला ठेवलेलं.
म्हणतो, पहिल्या वर्षी पैसे मोजलेत मी.
गाय विकत घेतली, तर कालवडीचेही पुन्हा द्यायचे?

कंपनीचा पोरगा नेरेओ, चष्म्यावर धूळ,
आवाज चढवत नाही.
गाय दुसऱ्या वर्षी हजार गाई होत नाही, म्हणतो.
अकरा वर्षं लागली तेवढं एक अक्षर आत लिहायला.
आणि तण काढण्यात तुमचा जीव जायचा, तो वाचला की नाही?

फाउस्तो बुटाने माती उकरतो.
वाचला होता, निदान सुरुवातीची काही वर्षं.

सुलेमाला दोघांचंही पटतं, ही तिची अडचण.
तिच्या जाकिटावर त्याच कंपनीचं नाव आहे
आणि जाकीट उबदार आहे.

गेल्या महिन्यात तिला घरी, न्हाणीघरात,
अशीच एक पट्टी सापडली. दोन रेषा.
ब्रिसा, एकोणीस वर्षांची, बापाचं नाव सांगेना.
सुलेमाने एकदाच विचारलं,
मग दोघींसाठी पाणी उकळत ठेवलं.
पैसे कापायला कुणी आलं नाही.

ट्रकांच्या फळ्यांमधून दाणे सांडतात,
बंदरापर्यंतचा रस्ता पिवळा होतो.
कबुतरं इतकी माजलीत की उडायचा कंटाळा करतात.
जे त्यांच्या तावडीतून सुटतं ते उगवतं:
डांबराच्या भेगेत, बसथांब्याच्या बाकाखाली,
एक तर चक्क गटाराच्या जाळीतून वर आलेलं.
नांगर नाही, करार नाही, कुणाची सही नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्यातलं एक पान खुडलं,
चमच्याने चिरडलं, पाणी घातलं.
पाच मिनिटं.
दोन.

नोंदवहीत पहिलाच रकाना: शेतकऱ्याचं नाव.
पेन उघडून ती जरा वेळ बसली.
वाऱ्याचा सातबारा कोणत्या तलाठ्याकडे मिळतो
हे तिला माहीत नाही, तलाठी हा शब्दही माहीत नाही;
मला माहीत आहे, तरी मलाही सांगता आलं नसतं.

मग भोंगा झाला.
पट्टी तिने खिशात टाकली, पुढच्या ट्रकावर वाकली.
फाउस्तो वजनकाट्यावरून रिकामा परत जात होता,
कापलेल्या रकमेचा कागद टपावर ऊन पडू नये म्हणून
काचेत खोचलेला.

रविवारी जाकीट धुतलं ब्रिसाने.
खिशात कागदाचा लगदा निघाला.
काय होतं हे, आई?
सुलेमाने तो दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला,
रेषा मोजायला.